छोट्या वायनरी शोधताय? या चुका टाळा

वाईनच्या प्रदेशात पहिल्यांदा जाणाऱ्याला बहुतेक वेळा तीच चार-पाच प्रवेशद्वारं दिसतात. मोठी कमान, बसगाड्यांचा तळ, काउंटरवर रांग. तिथली वाईन वाईट असते असं नाही. पण त्याच रस्त्यावर थोडं पुढे एखादं कुटुंब दहा पिंपांत वाईन करत असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. लागणार कसा? तिथे काउंटरवर बसायला माणूसच नसतो. जो वेलींची छाटणी करतो, तोच टाक्या धुतो, तोच बाटल्यांना लेबलं लावतो आणि रात्री जेवण उरकल्यावर ईमेल वाचतो. छोट्या वायनरींच्या बाबतीत आपण ज्या चुका करतो, त्यातल्या बहुतेक एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

चूक पहिली: नकाशावर जे वर दिसेल तेच गाठणं

नकाशावर वर येते ती जास्त लोकांनी पाहिलेली जागा. त्यामुळे गर्दीच्या वायनरीत गर्दी वाढत जाते आणि छोटी खालीच राहते. शोध उलट्या बाजूने सुरू करा, म्हणजे बाटलीपासून. त्या प्रदेशात पोहोचलात की पहिल्या संध्याकाळी एखाद्या चांगल्या वाईनच्या दुकानात जा आणि सरळ विचारा, "स्वतः द्राक्षं पिकवून स्वतःच वाईन करणारं, भेटायला गेलं तर वेळ देणारं इथे कोण आहे?" दुकानदाराला हा प्रश्न आवडतो, असा माझा अनुभव आहे. दोन-तीन नावं तरी मिळतातच.

लेबल वाचायला शिकलात तर दुकानदाराचीही गरज उरत नाही. शॅम्पेनच्या प्रत्येक बाटलीवर बारीक अक्षरांत एक सांकेतिक क्रमांक असतो. त्याच्या सुरुवातीला 'आरएम' ही रोमन अक्षरं असली, तर ती शॅम्पेन स्वतःच्या द्राक्षांपासून करणाऱ्या शेतकऱ्याची. 'एनएम' असेल तर द्राक्षं विकत घेऊ शकणाऱ्या कंपनीची. बहुतेक सगळी प्रसिद्ध नावं यातच येतात. 'सीएम' म्हणजे सहकारी संस्था. फ्रान्समध्ये पाठीवर पिंप वाहणाऱ्या माणसाचं चिन्ह दिसलं, तर ती बाटली 'व्हिन्येरों अँदेपांदाँ' या स्वतंत्र उत्पादकांच्या संघटनेतल्या कुणाची तरी आहे. इटलीत २००८ साली स्थापन झालेल्या 'फिवी' या संघटनेच्या चिन्हात डोक्यावर द्राक्षांची पेटी घेतलेला माणूस असतो. जर्मन बाटलीवर 'गुट्सआबफ्युलुंग' हा शब्द शोधा, कारण 'एर्त्सॉयगरआबफ्युलुंग' हा त्याच्यासारखा वाटणारा शब्द सहकारी संस्थाही वापरू शकतात. अमेरिकेत 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय' असं लिहिलं असेल, तर किमान ७५ टक्के वाईन त्या उत्पादकाने स्वतः आंबवलेली असते. 'सेलर्ड' किंवा 'व्हिंटेड' हे शब्द असले, तर तशी हमी नाही.

फ्रान्समधल्या बर्गंडीत आणखी एक घोटाळा होतो. लोक प्रसिद्ध द्राक्षमळ्याचं नाव हीच वायनरी समजून तिथे जाऊन उभे राहतात. क्लो द वूजो हा मळा सुमारे ५० हेक्टरांचा आहे आणि त्याचे मालक ऐंशीच्या आसपास. लेबलावरचं मळ्याचं नाव सोडून उत्पादकाचं नाव शोधा. मळा नावाजलेला आणि उत्पादक अनोळखी, अशी बाटली दिसली की मी तरी ते नाव लिहून घेतो.

चूक दुसरी: सुंदर हवेली आणि भोवती वेली असतील तरच ती वायनरी, असं समजणं

नव्याने वाईन करू लागलेल्या कित्येकांकडे जमीन नसते. ते चांगल्या शेतकऱ्याकडून द्राक्षं घेतात आणि भाड्याच्या गाळ्यात वाईन करतात. कॅलिफोर्नियात पासो रोब्लेसजवळची 'टिन सिटी' म्हणजे अशा पत्र्याच्या शेडचीच वसाहत आहे. लोम्पोकच्या औद्योगिक गाळ्यांतही हेच दृश्य. वॉशिंग्टन राज्यातल्या वाला वालामध्ये तर विमानतळाच्या परिसरात, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी इमारतींत वायनरी आहेत. फोटो चांगले येणार नाहीत, पण एका सकाळी चालत चालत तीन-चार उत्पादक भेटतील.

उलट 'बुटीक' या शब्दावर विसंबू नका. तो कुणीही लावू शकतो. त्याऐवजी वर्षाला किती बाटल्या होतात ते विचारा. नेहमीच्या २२५ लिटरच्या पिंपातून साधारण ३०० बाटल्या निघतात, म्हणजे दहा पिंपांच्या तीन हजार. हा आकडा लक्षात असला की समोरचा माणूस खरंच छोटा आहे का, हे कळतं.

चूक तिसरी: न कळवता दारात जाऊन उभं राहणं

कॅलिफोर्नियातल्या नापा काउंटीत १९९० नंतर सुरू झालेल्या वायनरींना स्थानिक नियमानुसार आधी वेळ ठरवूनच पाहुणे घेता येतात. पण नियम नसलेल्या ठिकाणीही बंद फाटक पाहून परत फिरायची वेळ येते. कारण साधं आहे, माणूस मळ्यात असतो.

दोन-तीन आठवडे आधी चार ओळींचा ईमेल पाठवा. किती जण, कोणत्या दोन तारखा, सकाळ की दुपार, आणि त्यांची कोणती वाईन चाखली आहे किंवा त्यांचं नाव कुणाकडून कळलं. ही शेवटची ओळ सगळ्यात जास्त उपयोगी पडते. शक्य असेल तर त्यांच्या भाषेत लिहा, मोडकीतोडकी चालते. आठवड्यात उत्तर आलं नाही तर राग मानू नका, फोन करा. बेत रद्द झाला तर मात्र न चुकता कळवा. तुमच्यासाठी त्या माणसाने मळ्यातलं अर्ध्या दिवसाचं काम बाजूला ठेवलेलं असतं.

न सांगता जाता येईल अशाही जागा आहेत. ऑस्ट्रियात घरची वाईन घरीच विकण्याची मोकळीक सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये दिली. तिथल्या अशा घरगुती वाईनघराच्या, म्हणजे 'हॉयरिगर'च्या दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली दिसली, की आत जावं. जर्मनीत याच धर्तीच्या 'श्ट्राउसविर्टशाफ्ट' वर्षातून जास्तीत जास्त चार महिने उघड्या असतात, तेव्हा तारखा आधी बघून घ्या.

चूक चौथी: ऐन तोडणीत जाणं

उत्तर गोलार्धात ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल. वायनरी सर्वात जिवंत असते ती याच दिवसांत, म्हणून आपल्याला नेमकं तेव्हाच जावंसं वाटतं. मोठ्या वायनरीत खुशाल जा. छोट्या ठिकाणी मात्र तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस राबत असतं. निवांत गप्पा हव्या असतील तर तोडणीच्या दोन महिने आधी जा.

चूक पाचवी: एका दिवसात पाच-सहा वायनरी

हिशेब करून बघा. एका ठिकाणी सहा वाईन, प्रत्येकी ४० मिलिलिटर, म्हणजे २४० मिलिलिटर. तीन ठिकाणी मिळून ७२० होतात, जवळजवळ आख्खी बाटली. म्हणून चाखून थुंका. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं आणि वाईन करणारे स्वतःही तेच करतात, त्यात अपमान नाही. दिवसाला दोन, फार तर तीन ठिकाणं ठेवा. गाडी चालवणाऱ्याने त्या देशाची मर्यादा माहीत करून घ्यावी. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये सर्वसाधारण चालकाला रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोल चालतं, पण हंगेरी, चेकिया, स्लोव्हाकिया, रोमानियात मर्यादा शून्य आहे. हंगेरीतल्या टोकाय या वाईनच्या प्रदेशात जाणार असाल तर चालकाने एक घोटही घेऊ नये.

अत्तर लावून जाऊ नका, तळघरात दुसरा वासच येत नाही. आणि दहा जणांचा घोळका नेऊ नका. चौघांपर्यंत बरं.

चूक सहावी: चाखून, आभार मानून, रिकाम्या हाताने निघणं

दोघांसाठी पाच बाटल्या उघडल्या, तर ३०० बाटल्यांच्या पिंपाच्या हिशेबात तो थोडा खर्च नाही. चाखण्याचे पैसे घेतले असतील तर बंधन नाही. घेतले नसतील तर एक-दोन बाटल्या घ्याव्यात. काहीच आवडलं नसेल तर मी सगळ्यात साधी बाटली घेतो, पण खोटी स्तुती करत नाही. बाटल्या गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवू नका. बंद गाडी उन्हात ५० अंशांवर सहज जाते, वाईन खराब होते आणि बूच वर सरकतं. थंड पेटी बरोबर असू द्या. प्रवासातून आलेली बाटली घरी दोन-तीन आठवडे पडून राहू द्या, आणि मगच उघडा.

निघताना एकच गोष्ट विचारायची राहू देऊ नका, "तुम्ही स्वतः इथल्या कुणाची वाईन घरी पिता?" वाईन करणारे एकमेकांची टाकी, पंप, पिंपं उसनी नेतात, त्यामुळे कोण काय करतंय हे त्यांना नेमकं माहीत असतं. बऱ्याचदा तिथल्या तिथे फोन लावला जातो आणि कुठल्याच नकाशावर नसलेल्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ मिळते.