गीझरचे गणित: टक्के कशाचे?

इंदूरला नंदानगरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड हिंदीतून शिकणाऱ्या मराठी मुलांनी तीन शब्द वहीच्या पहिल्याच पानावर लिहावेत. ‘प्रतिरोध’ म्हणजे आपला रोध, ‘प्रतिशत’ म्हणजे टक्के आणि ‘दक्षता’ म्हणजे कार्यक्षमता. मराठीत दक्षता म्हणजे सावधगिरी, म्हणून गोंधळ तिथेच जास्त होतो.

आता 2000 वॅटचा गीझर घ्या. त्याच्या एलिमेंटचा, म्हणजे पाणी तापवणाऱ्या भागाचा, रोध म्हणजे 230 व्होल्टचा वर्ग भागिले वॅट: 52,900 ÷ 2000 = 26.45 ओहम. मेन बंद करून एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा, मगच मोजा. त्याआधी मल्टिमीटरच्या लीड एकमेकींना टेकवून बघा, 0.3 ओहम दिसला तर तेवढा वजा करा. वॅटमध्ये 5 टक्के वर आणि 10 टक्के खाली चालते, म्हणून 25 ते 29 ओहम आला तर एलिमेंट ठीक. मीटर रोध अनंत (OL) दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे.

वाढीचे टक्के म्हणजे फरक भागिले मूळ आकडा, गुणिले 100. चूक होते ती मूळ आकडा निवडताना. 1500 वरून 2000 ही 33.3 टक्के वाढ, पण 2000 वरून 1500 ही 25 टक्केच घट. व्होल्टेज 230 चे 200 झाले तर घट 13 टक्के. शक्ती मात्र 40,000 ÷ 26.45 = 1512 वॅट, म्हणजे 24 टक्क्यांहून जास्त घट, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. पाणी तापत नाही अशी तक्रार आली की आधी व्होल्टेज मोजा. चांगले एलिमेंट बदलून गिऱ्हाइकाचे पैसे घालवू नका.

सैल प्लगचे गणित तर पाठच असावे. पिनेपाशी अर्धा ओहम वाढला तर एकूण रोध जेमतेम 1.9 टक्के वाढतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण साडेआठ अँपिअर वाहत असताना त्या अर्ध्या ओहमात सुमारे 36 वॅट उष्णता तयार होते. 35 वॅटची सोल्डरिंग आयर्न प्लगात खुपसून ठेवल्यासारखेच ते. प्लॅस्टिक वितळणारच.

कार्यक्षमता काढायला 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्या. पाण्यात गेलेली उष्णता 15 × 4.186 (पाण्याची विशिष्ट उष्णता) × 40, सुमारे 2512 किलोज्यूल. 2000 वॅटला 23 मिनिटे लागली तर वीज 2760 किलोज्यूल, म्हणजे कार्यक्षमता 91 टक्के. त्या वेळी व्होल्टेज खरेच 230 होते ना, हे मात्र बघा.

बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर खार बसतो. त्याने कार्यक्षमता फारशी घटत नाही, कारण उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण आतली तार जास्त तापते आणि जळते. खार हातोडीने ठोकून काढू नका. आवरणाला चीर गेली की आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पुडीत ओल शिरते आणि करंट बॉडीवर येतो. जोडणीआधी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या मीटरने) टर्मिनल ते बॉडी तपासा. 1 मेगाओहमपेक्षा कमी आला तर ते एलिमेंट बसवू नका.