कुंभार्लीचा पाऊस आणि मऊ हात

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. घर कऱ्हाडला. हद्द पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून खाली चिपळूणपर्यंत. तेवीस पावसाळे दुचाकीवर काढले, कारण महिन्याचं टार्गेट पाऊस बघून ठरत नाही. दर जूनला नवीन लागलेली पोरं विचारतात, "सर, घाटात काय काळजी घ्यायची?" त्यांना टपरीवर उभ्याउभ्या जे सांगतो तेच इथं लिहितोय.

पावसात गाडी हळू चालवा असं मी म्हणत नाही. मऊ चालवा. हळू जाणाराही घसरतो, अचानक काही करणारा तर घसरतोच. ब्रेक, रेस, हँडल, क्लच, जे करायचं ते लोण्यातून सुरी फिरवल्यासारखं. हे शहाणपण माझं नाही. २००४ साली घाटातल्या एका वळणावर कुठल्यातरी ट्रकच्या टाकीतून डिझेल सांडलं होतं. मी वळणात शिरल्यावर घाबरून मागचा ब्रेक दाबला आणि गाडी पायाखालून निघून गेली. गुडघा सोलला, बॅग फुटली, खोकल्याच्या औषधाची सॅम्पलं रस्ताभर. मागून दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला एक दूधवाला आला. आधी त्यानं झाडाची फांदी मोडून वळणाच्या अलीकडं रस्त्यात टाकली, मग ओंजळीनं माती आणून डिझेलवर पसरली, आणि मग माझ्याकडं बघितलं. एसटी थांबली तर कंडक्टर खाली उतरून बाटल्या गोळा करायला लागला.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही एवढं ओझं घेऊन पडत कसं नाही?"

"सायेब, दूध हिंदकळलं की माप कमी भरतंय. म्हणून गाडी हिंदकळू द्यायची न्हाई. वळणाच्या आत बिरेक न्हाई. जे काय करायचं ते वळणाच्या आधी."

तेव्हापासून मी माझ्या गाडीला कॅन लटकवलेत असं धरून चालवतो. वळण दिसलं की गाडी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून वेग उतरवायचा आणि वळणात फक्त रेस धरून ठेवायची. पुढचा ब्रेक पावसात लावूच नये असं गावोगाव सांगतात, ते खरं नाही. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं, फक्त त्याला झटका सोसत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम न होऊ देणारी सोय, सक्तीचं झालं, ज्यांच्याकडं आहे ते सुखी. माझी २०११ ची स्प्लेंडर, दोन्हीकडं ड्रम. उतारावर तिला दुसऱ्या गिअरमध्ये ठेवतो, इंजिनच तिला धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्या मागं राहू नका, पुढं तर अजिबात नको.

पाऊस सगळा एकसारखा नसतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. मृगाचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑइल, टायरचं रबर आणि धूळ पहिल्या सरीत वर येते आणि डांबराला साबण लावल्यासारखं होतं. सर सुरू झाली की दहा-पंधरा मिनिटं चहा घ्या, रस्ता धुऊन जाऊ द्या. पांढरे पट्टे, पुलाच्या सांध्यातलं लोखंड, गटाराची झाकणं यांवर ब्रेकही नको आणि वळणंही नको. सरळ ओलांडायचं.

तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, हे घाटाचे दिवस. हेळवाक सोडलं की ढग रस्त्यावर उतरतो. धुक्यात अप्पर लाइट लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिप्परच. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवायची, पण चाक साईडपट्टीवर नाही, तिथं शेवाळ असतं. मी सरळ एसटीच्या मागं लागतो. ड्रायव्हरला प्रत्येक वळण पाठ असतं आणि त्याचे लाल दिवे आपल्याला हाताला धरून खाली नेतात. फक्त चिकटायचं नाही. बस एखाद्या झाडाजवळून गेली की मनात सावकाश चार मोजायचे. आपण त्याआधी झाडाशी पोचलो तर फार जवळ आहोत. मागून जीप हॉर्न मारत असेल तर जाऊ द्या तिला.

रस्त्यावर पाणी वाहत असेल तर माझा नियम साधा आहे: गढूळ पाण्याखालचा रस्ता आहे की गेला, हे वरून कळत नाही. दुसरा गडी चालत पलीकडं गेलेला बघितल्याशिवाय गाडी घालायची नाही, आणि पाणी चाकाच्या मध्याला लागत असेल तर तो गेला तरी नाही. २१ जुलै २०२१ ला मी चिपळूणमध्ये होतो. एक केमिस्ट म्हणाले, "आज राहा हो, उद्या सकाळी जा." दुपारीच पाऊस असा लागला होता की मला घर आठवलं, मी निघालो. २२ तारखेला अख्खी बाजारपेठ पाण्याखाली होती. त्यांच्या दुकानातल्या औषधांचा चिखल झालेला नंतर बघितला. माझं निघणं हुशारीचं होतं असं मी समजत नाही, त्या पावसात घाट चढणंही चूकच होती.

पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टरच्या मागं लागू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर आत मोडतोड होते. ढकलत बाहेर काढा, एअर फिल्टर बघा, प्लग काढून पुसा, प्लग नसतानाच दोन-चार किका मारून आतलं पाणी उडवा. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक लागत नाहीत, हे फार जणांना कोणी तरी पुढं आल्यावरच कळतं. हळू चालत दोन्ही ब्रेक जरा-जरा दाबत राहा, लायनर वाळले की हाताला कळतं.

टायर गुळगुळीत झाला असेल तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही. मे महिन्यात बदला. चेन आठवड्याला पुसून ऑइल द्या.

कपड्यांवर पोरं पैसे वाचवतात आणि मग आठ दिवस तापानं पडतात. रेनकोट शर्ट-पँटचा, भडक पिवळा किंवा केशरी. काळ्या रेनकोटातला माणूस धुक्यात ट्रकवाल्याला दिसतच नाही. पँट बुटाच्या वरून घ्या, आत खोचली तर बूट म्हणजे पाण्याचा तांब्या. मोज्यांवर दुधाची धुतलेली पिशवी. छातीवर शर्टाच्या आत कालचं वर्तमानपत्र, याच्याइतकं गरम जर्किन मी अजून बघितलं नाही. हेल्मेटच्या काचेला आतून ओल्या साबणाचं बोट फिरवून कोरड्या फडक्यानं पुसा, वाफ धरत नाही. मागं बसणाऱ्यानं छत्री उघडायची नाही, वाऱ्याचा एक झोत पुरतो. साडी-ओढणी रेनकोटाच्या आत.

परतीच्या पावसात दोन गोष्टी. आमच्याकडं तोवर ऊसतोडीची लगबग सुरू होते आणि ट्रॅक्टर शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकतात. तिच्यावर पाणी पडलं की तुमचा ब्रेक काही कामाचा नाही. दुसरी वीज. रबराच्या टायरमुळं दुचाकीवाला वाचतो हा भ्रम आहे. एकट्या झाडाखाली थांबू नका, पक्कं घर किंवा दारं बंद केलेली चारचाकी बघा. होर्डिंगखालीही नको, १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हापासून मी वर बघितल्याशिवाय आडोसा घेत नाही.

आता रस्त्यावरची भाषा. समोरचा डिपर मारून हात खाली दाबत असेल तर पुढं काहीतरी आहे: दरड, म्हैस किंवा मामा. शिट्टीवाले मामा असले तरी हळू व्हा, नुकसान नाही. रस्त्यात फांदी दिसली तर वळणापलीकडं गाडी बंद आहे असं समजायचं. ट्रकच्या चाकाला लावलेले दगड ट्रक गेल्यावर तसेच पडून असतात. दिसले तर थांबून कडेला टाका, रात्री कोणीतरी त्यांच्यावर जाणार असतं. कोणी पडला असेल तर सगळ्यांनी त्याच्याभोवती कोंडाळं करू नका. एकानं मागच्या वळणावर जाऊन गाड्या थांबवायच्या. हेल्मेट घाईनं ओढून काढायचं नाही.

आणि निवारा शेड. तिथं दूधवाला, मास्तर, पोस्टमन, मी, कोणीतरी नवरा-बायको आणि एक शेळी असे अर्धा तास एकत्र उभे राहतो. नावं कोणी विचारत नाही, फक्त "खालून आला का? कसाय रस्ता?" एवढं विचारतात. या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं, मोबाइलपेक्षा ती बातमी ताजी असते. प्लगचा पाना माझ्या डिकीत असतो, पंक्चरचं सामान मास्तरांकडं, तंबाखू सगळ्यांकडं. मग कोणीतरी हात बाहेर काढून बघतो आणि म्हणतो, "उघडला!" सगळे खूश होऊन रेनकोट काढून डिकीत कोंबतात.

तुम्ही काढू नका. तेवीस वर्षांत कोयनानगरच्या अलीकडं तो एकदाही उघडलेला नाही.