‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर वादसभा घ्यायची तर

‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही जोसेफ कॉनरॅडची इंग्रजी कादंबरी, त्याच्या आफ्रिकेतल्या काँगोच्या अनुभवावर बेतलेली. ठराव आधी नीट लिहा. ‘कॉनरॅड वंशवादी होता’ असा ठराव ठेवलात की सभा लेखकाच्या चारित्र्यावर घसरते आणि पुस्तक मिटलेलंच राहतं. ‘या कादंबरीत आफ्रिकी माणसाचं माणूसपण नाकारलंय’ असा ठेवा, म्हणजे पानं उघडावीच लागतात.

दादर-पार्ल्यातल्या वाचनगटाला दोन तास आणि बारा-पंधरा माणसं पुरेत. कादंबरी छोटी आहे, सगळ्यांनी आधी वाचूनच यावं. सभेत तीन उतारे छापून वाटा: झाडांखाली मरायला टेकलेले मजूर, बोटीचा सुकाणूवाला, नदीकाठची स्त्री. समासात दोनच खुणा करायच्या, बघतंय कोण आणि बोलतंय कोण. आफ्रिकी पात्रांच्या तोंडी वाक्यं जेमतेम दोन ठिकाणी सापडतील. आफ्रिकी पात्रांना नावं नाहीत हा मुद्दा मात्र जपून वापरा. मॅनेजर, हिशेबनीस या गोऱ्यांनाही नावं नाहीत, आणि प्रतिपक्ष ते काढणारच.

अनुकूल बाजूने नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचं १९७५चं मॅसॅच्युसेट्समधलं व्याख्यान वाचावं. प्रतिकूल बाजूचा मोठा आधार म्हणजे निवेदन: बोलतो तो मार्लो हा खलाशी, आणि त्याचं बोलणं आपल्याला सांगणारा आणखी एक निनावी निवेदक. अचेबेंनी याला उत्तर दिलंय. मार्लोपेक्षा वेगळी नजर लेखकाने कुठे सुचवली आहे का, हा त्यांचा प्रश्न. यावरच पाऊण तास जाऊ द्या.

‘त्या काळी सगळेच तसे लिहायचे’ हे वाक्य हमखास येतं. कॉनरॅड काँगोत गेला १८९०मध्ये. त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकनाने तिथूनच काँगोवर सत्ता असलेल्या बेल्जियमच्या राजा लिओपोल्डला अत्याचारांचा पाढा वाचणारं खुलं पत्र लिहिलं. एवढं सांगितलं की तो मुद्दा निकालात निघतो.

उतारे मराठीत करताना घोळ शब्दांत होतो. मूळ इंग्रजीत काळ्या माणसांसाठी असलेल्या शिवीला ‘हबशी’ लिहिलं तर जंजिऱ्याचा सिद्दी डोळ्यांपुढे येतो आणि शिवीची धार जाते. ‘काळाकभिन्न’ लिहिलं तर मूळात नसलेला तिरस्कार आपणच भरतो. शिवी देवनागरीत जशीच्या तशी ठेवा, आणि तसं का केलं ते वाचण्याआधी सांगा.

मुंबईत कुणीतरी दलित पँथर काढणारच. १९७२ साली इथेच स्थापन झालेल्या संघटनेने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून, त्यामुळे विषय परका नाही. फक्त त्याला शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. आधी निघाला तर काँगो पुन्हा सभेत येत नाही.