पदं थोडी, मागण्या फार: प्राध्यापक भरतीचा प्राधान्यक्रम लावताना या चुका टाळा

पदभरतीला मान्यता मिळाल्याची कुणकुण लागली की सगळीकडे एकच खेळ सुरू होतो. विभागांना मागणीपत्राचा नमुना जातो, तो भरून परत येतो आणि ‘निकड’ या रकान्यात झाडून सगळ्यांनी ‘अत्यावश्यक’ लिहिलेलं असतं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अशा बऱ्याच समित्यांवर बसलो. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. तो ‘निकड’ रकाना आधी काढून टाका. त्याऐवजी मी एकच प्रश्न विचारतो: हे पद दोन वर्षं मिळालं नाही, तर नेमका कोणता पेपर शिकवायचा राहील? पेपराचं नाव लिहा. निम्म्या मागण्या इथेच गळतात.

‘ते पद आमचंच आहे’

सर निवृत्त झाले, पद रिकामं झालं, म्हणजे ते त्याच विभागात भरायचं, हा समज फार पक्का. त्यावर प्रश्न विचारला तर विभागप्रमुख असे बघतात, जणू आपण त्यांच्या वाडीतली कलमं लाटायला आलोय. पद मंजूर झालं तेव्हा वर्गात किती मुलं होती आणि आज किती आहेत, हे कुणी बोलत नाही. विषय बदलायचा तर मान्यतेची एक फाइल जास्त फिरते, पनवेलच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात दोन हेलपाटे वाढतात, हे खरं. पण तो कंटाळा म्हणजे प्राधान्यक्रम नव्हे.

याच समजाची दुसरी बाजू जास्त महाग पडते. ज्या विषयाला स्वतःचा विभाग नाही, त्याच्यासाठी भांडायला कुणीच नसतं. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत संख्याशास्त्राचं हेच झालं. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि वाणिज्य, पाचही ठिकाणी संख्याशास्त्राचे तास होते. प्रत्येकाने आपल्या कार्यभाराच्या तक्त्यात ते ‘इतर’ म्हणून शेवटच्या ओळीत टाकलेले. पाच तक्त्यांतले ‘इतर’ एकत्र केले तर एक पूर्ण पद सरळ दिसत होतं. मी बैठकीत ते मांडलं. अध्यक्ष म्हणाले, “पण मागणी कुणाची आहे? मागणीच आली नाही तर पद द्यायचं कसं?” पद गेलं एका ज्येष्ठ विभागप्रमुखांकडे. त्यांच्याकडे पूर्णवेळ माणसं होतीच, आवाजही होता.

संख्याशास्त्र तासिका तत्त्वावरच्या एका मॅडम ओढत होत्या. दिवाळीच्या तोंडावर त्यांना पुण्यात कायमची नोकरी लागली आणि त्या गेल्या. जायलाच हव्या होत्या. मग वनस्पतिशास्त्राचे सर पुस्तक समोर धरून विचलन शिकवायला लागले, वाणिज्यवाल्यांनी एक निवृत्त बँक अधिकारी गाठला, मानसशास्त्रात शेवटची दोन प्रकरणं ‘घरी वाचा’ झाली. पीएचडीची मुलं तर आपला विदा (डेटा) घेऊन कोल्हापूरला कुणाकुणाचे पाय धरत फिरली. आणि ज्यांना पद मिळालं होतं, त्या विभागात नव्या माणसाला तास कुठून द्यायचे, यावर वेगळी बैठक झाली.

म्हणून माझी सवय अशी: मागणीपत्रं उघडायच्या आधी सगळ्या विभागांची वेळापत्रकं मागवायची आणि मोठ्या कागदावर विभागवार नाही, विषयवार तास मांडायचे. प्रत्येक प्रमुखाला विचारायचं, ‘तुमचे कोणते तास बाहेरचा माणूस घेतो?’ हे काम संगणकावरही होतं. मला कागद बरा वाटतो, कारण त्यात कुणाला ओळ लपवता येत नाही.

तासिकेला तास म्हणणे

ही माझी दुसरी दुखरी नस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन असतं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला 14. हे घड्याळी तास. आपल्याकडे मात्र कित्येक ठिकाणी तासिका 48 मिनिटांची. म्हणजे 16 तासांना तासिका होतात 20. आता एखाद्या विभागात आठवड्याला 80 तासिका आहेत. घड्याळाने ते होतात 64 तास, म्हणजे चार सहायक प्राध्यापकांचं काम. पण तक्त्यात ‘80 तास’ लिहिलं की 16 ने भागून पाच माणसं येतात. एक पद हवेतून तयार! काहींना हा फरक खरंच माहीत नसतो. काहींना चांगला माहीत असतो.

प्रात्यक्षिकांच्या तुकड्यांचंही तेच. कागदावर तीन तुकड्या, प्रयोगशाळेत सगळी मुलं एकाच टेबलाभोवती. मी दुपारी न सांगता प्रयोगशाळेत जाऊन बसतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

कार्यभार मोजताना फक्त या वर्षाचा धरू नका. नव्या शैक्षणिक धोरणाचा पदवी अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाला. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले विषय अशी वाटणी झाली, आणि ज्यांचे तास पहिल्या वर्षी वाढले त्यांचेच तिसऱ्या वर्षीही वाढतील असं नाही. पुढच्या तीन वर्षांचे तास मांडल्याशिवाय मी सही करत नाही.

बिंदू बघून विषय ठरवणे

कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाला, हे क्रमाने सांगणारा तक्ता म्हणजे बिंदुनामावली, आणि त्यातला एकेक क्रम म्हणजे बिंदू. त्यासाठी विभाग हे एकक धरलं तर दोन-तीन पदांच्या विभागात राखीव बिंदूपर्यंत गाडी पोचतच नाही. म्हणून तर केंद्रीय संस्थांसाठी 2019 मध्ये कायदा करून संपूर्ण संस्था हे एकक ठरवलं गेलं. तरी काही हुशार मंडळी आधी बिंदुनामावली उघडतात, ‘हा खुला आहे, तो आपल्या विषयाला टाकू’ असं जुळवतात आणि मग त्याला प्राधान्यक्रम म्हणतात. ही लबाडी आहे. आधी गरजेचा क्रम, तो ठरावात नोंदवायचा, मगच बिंदू. माहितीच्या अधिकारात कागद मागितले गेले की तारखाच सगळं सांगतात. आणि नामावली एकदा तपासून घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गाला 10 टक्के आरक्षण देणारा कायदा आला आणि जुन्या नामावल्या घेऊन तपासणीसाठी पुन्हा कोकण भवनाच्या वाऱ्या कराव्या लागल्या.

आणखी काही, थोडक्यात

नवे समन्वयक एक्सेलचा तक्ता आणतात: विद्यार्थिसंख्येला इतके गुण, संशोधनाला इतके, बेरीज केली की क्रम तयार. पहिल्या बेरजेत स्वतःचा विभाग खाली आला की गुणभार बदलतात. तक्ता चर्चेला ठेवा, निर्णयाला नको. दोन तासांची बैठक टाळायला काढलेली पळवाट आहे ती.

दुसऱ्या विद्यापीठाचा निकष उचलू नका. लोणेऱ्याचं विद्यापीठ तांत्रिक. तिथल्या अभियांत्रिकीला एआयसीटीईचं (तंत्रशिक्षण परिषदेचं) 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण आणि प्राध्यापक, सहयोगी, सहायक अशी 1:2:6 ची पदरचना लागते, मराठी-इतिहासाला नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात तर माणूस संशोधन आणि विस्ताराचंही काम करतो, तिथली पदं तासांवर मोजताच येत नाहीत.

मंजुरी न आलेल्या अभ्यासक्रमासाठी पद मागू नका, नाव कितीही चमकदार असो.

प्रवेशाचा आकडा पहिल्या वर्षाचा सांगू नका, तिसऱ्या वर्षाचा सांगा.

जाहिरातीत विशेषीकरण इतकं अरुंद करू नका की अर्जच येणार नाहीत. ‘खारफुटीवरच काम केलेला हवा’ असं लिहून रिकामं राहिलेलं पद पुढच्या वेळी पुन्हा ‘अत्यावश्यक’ म्हणून येतं. सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही पात्रता परीक्षा किमान अट आणि पीएचडी ऐच्छिक, हे यूजीसीने जुलै 2023 पासून लागू केलंय. तरी ‘पीएचडीच हवी’ म्हणून हट्ट धरणारे अजून भेटतात.

‘उमेदवार इथे टिकेल का?’ म्हणून गाव विचारू नका. स्थानिक माणूसही मुंबईला जातो आणि लातूरचा माणूस रत्नागिरीत घर बांधतो.

आणि मुलाखती गणपतीच्या आगेमागे ठेवू नका. चाकरमान्यांनी गाड्या भरलेल्या असतात, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं, महामार्गाचं तर बोलायलाच नको. उमेदवार एक वेळ कसाबसा पोचतो, बाहेरून येणारा विषयतज्ज्ञ पोचत नाही. गणसंख्या भरत नाही, मुलाखत पुढे जाते, तोवर पहिल्या क्रमांकाच्या विषयाचं सत्र अर्धं संपलेलं असतं. दिवाळीनंतरची तारीख घ्या, आणि तज्ज्ञांचं परतीचं तिकीट संस्थेनेच काढून द्या.