दहाचं नाणं मोबाईलमधून फुलपात्रात कसं पाडावं

'पाच सेकंदांत शिका' छापाच्या जादूच्या व्हिडिओंत एक गोष्ट हमखास गाळलेली असते. नाणं गायब झालं, ठीक. पण ज्या हातात ते खरं राहिलंय, त्या हातानं पुढं करायचं काय? खिशात घालायचा, तर सगळे खिशाकडे बघतात. तसाच लटकत ठेवायचा, तर एखादी मावशी म्हणतेच, "तो दुसरा हात दाखव." मोबाईल इथं उपयोगी पडतो. फोन धरलेल्या हाताची बोटं वाकलेलीच असतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

प्रयोग असा. समोरच्याकडून दहाचं नाणं मागून घ्यायचं आणि डाव्या मुठीत धरायचं. त्याच्याच फोनचा टॉर्च मुठीवर मारायचा, मूठ उघडायची, नाणं नाही. मग फोन आडवा धरून त्याखाली फुलपात्र धरायचं. तो स्वतः स्क्रीनवर बोट आपटतो आणि नाणं खण्णकन फुलपात्रात पडतं. दोरा नाही, लोहचुंबक नाही, ऑनलाइन मागवलेलं किट तर अजिबात नाही.

नाणं दहाचंच घ्या. २७ मिलिमीटर व्यास, दोन रंग, लांबूनही ओळखू येतं. रुपया लहान पडतो. वीसचं नाणंही २७ मिलिमीटरचंच आहे आणि त्याच्या बारा बाजूंमुळे पकड उलट छान येते, पण ते अजून कमी दिसतं, त्यामुळे "अरे वा, वीसचं नाणं! बघू बघू" करत लोक तेच निरखत बसतात. फुलपात्र स्टीलचं हवं, अर्धी मजा आवाजात आहे. उजव्या हातातली अंगठी काढून ठेवा, नाण्याला लागली की वाजते.

मांडणी

फोन टेबलावर तुमच्या उजव्या बाजूला, स्क्रीन वर. कॅमेऱ्याची बाजू टेबलावर आणि खालची बाजू दोनेक बोटं कडेबाहेर. डावीकडे फुलपात्र. माणसं समोर किंवा डावीकडे. उजव्या खांद्यामागे कुणी उभं असेल तर त्याला प्रेमानं सोफ्यावर बसवा. डावखुऱ्यांनी सगळं उलटं करावं.

आधी नाणं खरंच द्या

नाणं उजव्या हातातून डाव्या हातात घ्या, मूठ मिटा, उघडा, दाखवा, परत उजव्यात घ्या. "दहाचंच आहे ना? बरं." एवढंच.

आता खोटं देणं

सगळा प्रयोग इथं आहे. मीही सगळ्यात जास्त काळ इथंच अडकलो होतो.

पकड आधी. उजव्या हाताची मधलं बोट आणि अनामिका ही दोन बोटं. नाणं त्यांच्या मुळाकडच्या पेरावर ठेवा आणि बोटं किंचित वाकवा. नाण्याची एक कड बोटांच्या मुळाशी असलेल्या घडीत बसते, दुसरी त्यावरच्या पेराच्या घडीत. अंगठ्याचं इथं काहीही काम नाही. नवशिक्यांचा अंगठा ताठ उभा राहतो आणि तोच चुगली करतो. ही पकड आरशासमोर बसून येत नाही. नाणं तसंच धरून चहा करा, पेपर उलगडा, दाराची कडी काढा. हात नाणं आहे हे विसरला की पुढं जा. थंडीत तळवे कोरडे पडले की नाणं निसटतं. चेहऱ्याला लावायचं क्रीम थोडंसं बोटांना चोळून पुसून टाका.

हालचाल अशी. डावा तळवा वर करून पुढं धरा. उजवा हात त्याच्यावर आणा आणि नाणं ओतल्यासारखा पालथा करा. उजव्या बोटांची टोकं डाव्या तळव्याला टेकली पाहिजेत. नाणं मात्र पकडीतच. टोकं टेकलेली असतानाच डावी बोटं मिटायला लागतात, करंगळीपासून. आणि आता बाजूला जातो तो डावा हात. उजवा जिथं आहे तिथंच राहतो, मग आपसूक सैल होऊन खाली येतो. बहुतेक व्हिडिओंत उजवा हात झटकन मागं ओढायला शिकवतात. साफ चूक. जो हात पळतो त्याच्यामागं नजर जाते. नजर डाव्या मुठीमागं जायला हवी, म्हणून हलायचं तिनं.

डोळ्यांचं यापेक्षा अवघड. खरं नाणं देताना तुम्ही कुठं बघत होता? नाण्याकडे, आणि ते मुठीत गेल्यावर मुठीकडे. खोटं देतानाही तसंच बघायचं. पण त्या क्षणी नेमकी चोरटी नजर उजव्या हाताकडे जाते, किंवा 'पकडलं का?' म्हणून समोरच्याच्या तोंडाकडे. कॅनडात १८९४ साली जन्मलेल्या डाय व्हर्नन यांना जगभरचे हातचलाखीवाले गुरू मानतात. स्वाभाविक वागा, हाच त्यांचा आग्रह असे. ऐकायला सोपं आहे. पण स्वाभाविक म्हणजे नक्की काय, हे आपण आधी बघितलेलंच नसतं. म्हणून आरसा विसरा. आरशात बघायला गेलात की डोळे हातावर राहत नाहीत, आणि नेमक्या क्षणी पापणी मिटली तर आपलं आपल्यालाच कळत नाही. फोन समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, डब्याला टेकवून. आधी खरं देण्याचा व्हिडिओ काढा, मग खोट्याचा, आणि एकापाठोपाठ एक बघा, आवाज बंद करून. वेग, खांदे, मान, श्वास, काहीतरी वेगळं निघतंच. ते दुरुस्त करायचं. कुठला खरा हे घरच्यांना ओळखता येईना, की झालं.

डावी मूठही बघा. आत नाणं असलेली मूठ किंचित पोकळ असते. गच्च आवळलेली मूठ रिकामी वाटते, आणि असतेही.

दोन वाक्यांवर माझ्याकडून बंदी. एक, "नाणं या हातात आहे ना?" कुणाला शंकाच नव्हती, ती तुम्ही आणून दिलीत. दोन, "माझ्या दुसऱ्या हातात काही नाही." त्या दुसऱ्या हाताचं नावच काढायचं नाही.

फोन उचलणं

घाई करू नका. मुठीकडे बघत एखादं वाक्य बोला, "नाणं वितळायला उजेड लागतो" असलं काहीही, आणि ज्याचा फोन आहे त्यालाच टॉर्च लावायला सांगा. बऱ्याच फोनवर तो लॉक असतानाही लागतो. त्यानं फोन हातात दिला तर उजव्यानं घ्या, अंगठा स्क्रीनवर, बोटं खाली. टेबलावरच असेल तर कडेबाहेरच्या बाजूनं उचला. नाणं आपोआप फोनच्या पाठीशी लागतं. सिलिकॉनचं कव्हर असेल तर आवाज होत नाही. काचेची पाठ किंवा कडक कव्हर असेल तर हळू, नाहीतर 'टक्' असा जो आवाज येतो तो बाल्कनीतल्या आजोबांनाही कळतो.

आणखी एक. फोन स्वतःचा वापरत असाल तर आधी एअरप्लेन मोड. नाणं पाठीला चिकटलेलं असताना कॉल आला आणि फोन थरथरला, तर नाणं त्यावर घर्रर्र वाजतं. यावर कुठलीही हातचलाखी चालत नाही.

टॉर्च वरच्या टोकाला असतो आणि तुमची बोटं खालच्या अर्ध्यात, त्यामुळे उजेडात नाणं येत नाही. उजेड मुठीवर मारा, बोटांच्या कडा लाल दिसतात, लोक पुढं वाकतात. मूठ उघडा, एकेक बोट. मग गप्प बसा. इथं बडबड करून टाळी वाया घालवू नका.

पाच-सहा वर्षांची पोरं जमिनीवर बसलेली असतील तर फोन खाली, मांडीजवळ आणा. ती खालून बघतात आणि मोठ्यानं सांगतात.

पाडणं

डाव्या हातानं फुलपात्र उचला, फोनखाली वीतभर अंतरावर धरा. ज्याचा फोन आहे त्याला स्क्रीनवर बोट आपटायला सांगा. हळू, त्याचाच फोन आहे. बोट टेकलं की मधलं बोट आणि अनामिका जरा सैल करा, बाकीची बोटं फोन धरून ठेवतात. खण्ण.

"परत करून दाखव" म्हटलं तरी करायचं नाही. दुसऱ्या वेळी सगळे डाव्या मुठीकडे न बघता तुमच्याकडे बघतात. "कसं केलं?" विचारलं तर हातचलाखी म्हणा आणि विषय संपवा. 'शक्ती' वगैरे गमतीतही नको; गर्दीतला एखादा खरं मानतो आणि मग कुणाची हरवलेली साखळी शोधून द्यायला बोलावतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव असलेच प्रयोग करून बाबा लोकांची पोल उघडतात, आणि चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाही आहे.

मध्येच नाणं पडलं तर दचकू नका. उचला, "याला वितळायचं नाही आज" म्हणा, आणि पत्त्यांकडे वळा.

नाणं ज्याचं त्याला फुलपात्रासकट द्या, म्हणजे तो आधी ते वाजवून बघण्यात गुंततो. आणि फोन परत करण्याआधी टॉर्च बंद करा, हे सगळे विसरतात.