कॅमेऱ्याची बॅग घेताय? गोदाम घेऊ नका, आणि इतर चुका

बॅगेच्या दुकानात पहिला प्रश्न हमखास चुकीचा येतो. "मालक, यात लेन्स किती बसतात?" विचारायला हवं ते वेगळंच: यातली लेन्स बाहेर कशी येते, किती वेळात येते, आणि ती काढताना बॅग कुठे टेकवावी लागते? कॅमेऱ्याची बॅग म्हणजे सामान ठेवायचं गोदाम नव्हे, दिवसातून पन्नास वेळा उघडायचं-मिटायचं अवजार आहे. एवढं डोक्यात नसलं की पुढच्या सगळ्या चुका ओळीने होतात.

सगळ्यात मोठी मिळेल ती उचलणं

कॅमेरा घेऊन दोन महिने झालेले नसतात आणि पाठीवर तीस लिटरची सॅक येते. कारण विचारलं तर "पुढे लेन्स वाढणारच की." वाढतील तेव्हा वाढतील. तोवर रिकामी जागा रिकामी राहत नाही. "असू दे" म्हणत दुसरा फ्लॅश, कॅमेऱ्यासोबत आलेली आणि न लागणारी किट लेन्स, लॅपटॉप, डबा असं सगळं आत जातं. मग हिशोब असा होतो: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि 24-70 ही रोजची झूम लेन्स मिळून साधारण 1.7 किलो, लांबचं जवळ आणणारी 70-200 एफ 2.8 लेन्स 1.4 किलो, फ्लॅश सेलसकट अर्धा किलो, बॅटऱ्या, चार्जर आणि कार्डं मिळून अर्धा, लॅपटॉप चार्जरसकट पावणेदोन-दोन, पाण्याची बाटली एक, आणि रिकाम्या सॅकचंच वजन दोन किलो. नऊ किलो झाले. ट्रायपॉड बांधला की अकराच्या घरात. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 42-43 वर असताना हे ओझं घेऊन दिवसभर हिंडायचं म्हटलं की माणूस दुपारपर्यंत बॅग गाडीत टाकून मोकळा होतो. फोटो काढायला मग मोबाईल.

यावर उपाय वर्तमानपत्राचा. फरशीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि सामान जसं वापरता तसं मांडायचं. म्हणजे बॉडीला रोजची लेन्स लावलेली आणि हूड (लेन्सपुढची उन्हाची झापड) उलटा बसवलेला. लेन्स सुटी मांडून मोजणारे पुढे रडतात, कारण सुटी लेन्स म्हणजे ऐन वेळी जोडाजोड. भोवतीने मार्करने रेघ मारायची, दोन वस्तूंमध्ये पार्टिशनसाठी दोन सेंटिमीटर सोडायचे, शिंप्याच्या टेपने लांबी-रुंदी घ्यायची आणि तो कागद घडी घालून दुकानात न्यायचा. कागद बॅगेच्या तळावर पसरला की विषय संपला. दुकानदार हसेल, हसू द्या.

कागदावर खोली येत नाही आणि नेमकी तिथेच गफलत होते. ग्रिप (खाली जोडायचा बॅटरीचा जादा भाग) नसलेली बॉडी उभी धरली तर दहा-अकरा सेंटिमीटर, ग्रिप लावली की पंधराच्या आसपास. बॅगेवर लिहिलेलं माप बऱ्याचदा बाहेरचं असतं. दोन्ही बाजूंचा फोम वजा केला तर आत तीन-चार सेंटिमीटर कमीच भरतात. आत तेरा सेंटिमीटर जागा आणि ग्रिपवाली बॉडी, असा संसार मांडला की झाकण मिटताना मागच्या स्क्रीनवर आणि जॉयस्टिकवर दाब येतो, बटणं दाबली जाऊन कॅमेरा आतल्या आत जागा राहतो आणि बॅटरी संपते. पक्ष्यांसाठी 150-600 ची लांब लेन्स वापरणाऱ्यांनी तर बॉडी लावूनच मोजावं. नुसती लेन्स 26-27 सेंटिमीटर असते, पण बॉडीसकट लांबी 35 च्या घरात जाते. आणि ही जोडी बॅगेत ठेवताना आधार लेन्सच्या पायाला हवा. बॉडी टेकलेली आणि दोन किलोची लेन्स अधांतरी असं ठेवलं, तर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा हिसका माउंटला, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या रिंगला, बसतो.

दुकानात रिकामी सॅक पाठीवर टाकून आरशात बघणं ही त्याच चुकीची शेपटी. दोन लिटरच्या चार बाटल्या भरून न्या, आठ किलो होतात. त्या आत घालून दहा मिनिटं फिरा, जिना चढा. कमरेचा बेल्ट पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. तो आवळल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकलं तर वजन कमरेवर उतरलं म्हणायचं. नुसत्या शोभेच्या, फोम नसलेल्या बेल्टने हे होत नाही. एका खांद्याची स्लिंग तीन किलोपर्यंत ठीक. त्यावर मानेशी वैर.

अर्धी चेन

सगळ्यात महागाची आणि सगळ्यात फुकट टळणारी चूक ही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी ती दरवर्षी कुठे ना कुठे घडते. एकदाची हकिकत जवळून बघण्यासारखी आहे.

अक्षता सोहळ्याचा दिवस. हिरेहब्बू वाड्यातून निघालेले नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी, "हर्र बोला हर्र"चा गजर. एका फोटोग्राफरने ओट्यावर सॅक आडवी ठेवून 70-200 काढून आत उभी केली आणि 24-70 बॉडीला लावली. लांबची लेन्स पाच मिनिटांत परत लागणारच, म्हणून झाकण नुसतं वरून पाडलं. चेन एका बाजूने वीतभर ओढलेली, बाकी उघडी. लांबून बघणाऱ्याला बॅग बंदच दिसेल. तेवढ्यात गर्दीचा लोंढा आला, त्याने वरचा हँडल धरून सॅक झटक्यात उचलली आणि खांद्याला लावली. झाकण वजनाने उघडलं, 70-200 मागच्या बाजूने ओट्याच्या दगडी कडेवर आदळली आणि तिथून खाली. काच शाबूत होती, म्हणून माणूस आधी खूशही झाला. पण मागची धातूची रिंग वाकली होती, स्क्रू ओढले गेले होते, आणि नंतर फोटो मोठे करून पाहिले तर डावी बाजू स्वच्छ, उजवी कायम मऊ, म्हणजे धूसर. आतली एखादी काच मध्यातून सरकली की असं होतं. घरी स्क्रू पिळून हे सुधारत नाही, सर्व्हिस सेंटरला यंत्रावर लावून दुरुस्त करावं लागतं, आणि त्यासाठी लेन्स पुण्या-मुंबईला धाडावी लागते. इकडे संक्रांत उलटली की लग्नसराई सुरू. पुढची लग्नं भाड्याच्या लेन्सवर.

यात दोष चेनचा नाही, फसव्या झाकणाचा आहे. उघडी बॅग बंद दिसणं, घात तिथे होतो. म्हणून सवय अशी लावायची: उघडी तर पूर्ण उघडी, झाकण मागे पडलेलं, बंद तर शेवटच्या दातापर्यंत बंद. मधली अवस्था ठेवायचीच नाही, पाच सेकंदांसाठीसुद्धा नाही. दुसरं, दोन्ही रनर (चेन ओढायच्या सरकत्या पकडी) रोज एकाच जागी आणून मिटवायचे, उदाहरणार्थ वरच्या उजव्या कोपऱ्यात. मग अंधारातही हात तिथे नेला की कळतं. रनर तिथे नसतील तर बॅग उघडी. आणि उचलण्याआधी चेनवरून एकदा हात फिरवायचा. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतो तसं. ज्यांना हे कटकटीचं वाटतं त्यांनी लेन्सचा विमा काढून ठेवावा.

गर्दीसाठी आणखी एक. ज्या सॅकचं झाकण आपल्या पाठीला टेकणाऱ्या बाजूने उघडतं, ती अंगावर असताना मागच्याला चेन हाताशीच येत नाही. गड्डा असो, पंढरीची आषाढी असो, तीच घ्यावी. बाहेरच्या बाजूने उघडणारी घेतली असेलच तर दोन्ही रनरमध्ये छोटा हुक अडकवा. पाठीच्या बाजूने उघडणाऱ्या सॅकचा दुसरा फायदा पावसात कळतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत बॅग टेकवली की चिखल बाहेरच्या बाजूला लागतो, पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते. उलट्या रचनेत तोच चिखल नंतर शर्टावर.

टॉवेल, कुसळं आणि धूळ

सोलापुरात राहून टॉवेलची कमतरता नाही, त्यामुळे बॅगेत गादी म्हणून नवा कोरा टर्किश टॉवेल घालायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. नका घालू. नव्या टेरी टॉवेलचे तंतू धुवूनही बरेच दिवस सुटत राहतात. ते मागच्या काचेवर, माउंटवर आणि लेन्स बदलताना थेट सेन्सरवर जातात. आकाशाच्या फोटोत वाकड्या केसासारखी पुसट रेघ दिसली आणि एफ 16 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्यावर, ती गडद झाली, तर तो तंतूच. आधार हवाच असेल तर जुना, मऊ झालेला सुती कपडा उशीच्या खोळीत शिवून वापरा, किंवा सरळ जादा पार्टिशन घ्या. यंत्रमागाच्या कारखान्यात फोटो काढायला जाणाऱ्यांनी तर बॅग आत उघडूच नये. तिथल्या हवेतच रुई असते.

नान्नजच्या माळावर शत्रू वेगळा. माळढोक अभयारण्याच्या परिसरात पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळलं की कुसळं वेल्क्रोत, पाठीच्या जाळीत आणि चेनच्या दातांत घुसतात. बॅग गवतात टेकवायची असेल तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. घरी आल्यावर वेल्क्रो जुन्या टूथब्रशने विंचरून काढा, नाहीतर पार्टिशन धरेनासं होतं. आणि वेल्क्रोचा फर्रकन होणारा आवाज काळविटाला बरोब्बर ऐकू जातो. हिप्परग्याच्या तळ्यावर पक्ष्यांच्या बाबतीत तेच. अशा कामाला बाहेरच्या खिशाला बकल किंवा चेन असलेली बॅग हवी, वेल्क्रोची नको.

धुळीचा बंदोबस्त साधा आहे: महिन्यातून एकदा सगळं बाहेर, पार्टिशनंसुद्धा. बॅग उलटी करून झटका, मग व्हॅक्यूमचं अरुंद तोंड कोपऱ्यांतून फिरवा. ओल्या फडक्याने आत पुसून लगेच सामान भरणं म्हणजे बुरशीला आवतण.

बॅगेलाच कपाट करणं

सोलापूर कोरडं, म्हणून बुरशीची भीती नाही, हा समज ऑगस्ट-सप्टेंबरात मोडतो. भिजून आलेली बॅग, आत ओलसर रेनकव्हर कोंबलेलं, फोमने शोषलेलं पाणी आणि वर बंद चेन. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर आठवडे टिकली की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. बॅग प्रवासासाठी. घरी सामान घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासमध्ये राहिला पाहिजे. नारिंगी जेल हिरवं झालं की ते पाण्याने भरलं, नंतर ते नुसते खडे. ओव्हनमध्ये साधारण 110-120 अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं, मात्र स्वयंपाकाची भांडी त्याला वापरू नका. बुटाच्या खोक्यातली पुडी वर्षानुवर्षं बॅगेत ठेवून निश्चिंत राहणारे मात्र भाविकच म्हणायचे.

जुन्या बॅगेचं अस्तर चिकट लागत असेल, पांढरे पापुद्रे सुटत असतील, तर आतला पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचा थर सडलाय. तो पुसून परत येत नाही. त्यात उघडी लेन्स ठेवू नका.

बाकीच्या, पटापट

दुचाकीच्या कॅरिअरला दोरीने सॅक बांधणं: इंजिन आणि खड्डे मिळून लेन्सचे बारीक स्क्रू ढिले करतात. पाठीवर घ्या, पट्टे आवळून, म्हणजे तळ सीटवर टेकणार नाही.

बंद कारच्या डिकीत दुपारी बॅग ठेवणं: कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा बहुधा 40 अंश असते, डिकी त्याच्या कितीतरी पुढे जाते. आधी बॅटऱ्या मरतात.

स्थानिक शिवलेली बॅग: जरूर घ्या, पण आत फोम कोणता ते अंगठ्याने दाबून बघा. दाबल्यावर लगेच वर येतो तो बरा. मऊ स्पंज सहा महिन्यांत चपाती होतो.

ट्रायपॉड खाली आडवा बांधणं: गर्दीत लोकांच्या कमरा आणि दाराच्या चौकटी मोजत जाल. बाजूला उभा बांधा, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली.

विमानात जादा बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकणं: चालत नाही, हातातल्याच बॅगेत हव्यात, टोकं झाकून.

रेनकव्हर आहे म्हणून बॅग वॉटरप्रूफ समजणं: पाठीची बाजू उघडीच असते, पाणी पट्ट्यांवरून आत येतं. दोन मोठ्या प्लॅस्टिक पिशव्या कायम तळाशी असू द्या.

चेन बिघडली तर

अडकत असेल तर आधी कोरड्या ब्रशने दात साफ करा, मग मेणबत्ती घासून रनर दहा वेळा पुढे-मागे. तेल घालू नका, त्यावर धूळ बसून दुप्पट अडकते. चेन मिटते पण रनरच्या मागे पुन्हा उघडते, तेव्हा दात नाही, रनरचे जबडे फाकलेले असतात. पक्कडीने मागच्या बाजूला, दोन्हीकडे थोडं-थोडं दाबा. जोर लावला की रनर तुटतो. दोनदा दाबूनही उघडत असेल तर रनर बदला. बहुतेक रनरच्या पाठीवर आकडा असतो, मोठ्या झाकणाला सहसा 8 किंवा 10. बॅग दुरुस्तीवाल्याला तोच आकडा सांगा, आणि दोन रनर असतील तर दोन्ही एकदम बदलून घ्या, कारण दोन्ही सारखेच झिजलेले असतात.