दगडाचा रंग बघा, मग कॅमेरा काढा

कृष्णधवल फोटो काढायचे तर आधी रंग बघायला शिका. मी हे अख्खा रोल वाया घालवून शिकले. काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० सालचं, मालाडच्या पिवळट दगडाचं. आकाश गडद यावं म्हणून मी लेन्सवर लाल फिल्टर चढवला. आकाश हवं तसं आलं, पण दगड पांढराफटक आणि नक्षी गायब. कमानींच्या आत मिट्ट काळोख. सावलीत पोचतो तो मुख्यतः आकाशाचा निळसर उजेड, आणि लाल काच नेमका तोच अडवते. आता तिथे मी पिवळा फिल्टर लावते. आकाश थोडं उतरतं, दगडाचा पोत राहतो.

सरावाला समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारखी जागा नाही. एकाच भिंतीत कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळा दगड. एकच चौकट तीनदा टिपा: फिल्टरशिवाय, पिवळ्यातून, लालमधून. बेसॉल्ट जवळजवळ तसाच राहील, पिवळा दगड उजळत जाईल. हातमीटर, म्हणजे हातात धरून उजेड मोजायचं वेगळं यंत्र, वापरत असाल तर पिवळ्याला एक स्टॉप (दुप्पट) आणि लालला तीन स्टॉप (आठपट) उजेड वाढवा.

फोनवर काढणाऱ्यांनी फोटो रंगीतच काढावा, कृष्णधवल नंतर करावा. मग पिवळा, नारिंगी, निळा असे रंग वेगवेगळे उजळ-गडद करता येतात. निळा फार खाली ओढू नका, मनोऱ्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते.

आता उन्हाचं. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ साली पुरे झालेले, तोंड पश्चिमेला. पलीकडच्या आर्ट डेको, म्हणजे साध्या भौमितिक रेषांच्या शैलीतल्या, इमारतींचं तोंड पूर्वेला. म्हणजे सकाळ त्यांची, दुपार टॉवरची. मला डिसेंबरातले तीन ते साडेचार फार आवडतात. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन उजवीकडून भिंतीला घासत येतं आणि प्रत्येक कोरीव पान सावली धरतं. समोरून पडलेल्या उन्हात तीच भिंत सपाट दिसते.

टॉवर २८० फूट उंच. जवळ उभं राहून कॅमेरा वर केलात की तो मागे कललेला दिसणार. मैदानाच्या पार पश्चिम कडेला जा, कॅमेरा उभा आणि सरळ धरा, खालचं गवत नंतर फोटोतून कापा. ट्रायपॉड मी नेत नाही, कठड्याला टेकून काम भागतं.

पावसाळ्यात आकाश पांढरं असतं, तिथे कुठलाच फिल्टर चालत नाही. त्या दिवसांत मी आकाश चौकटीत घेतच नाही. ओला बेसॉल्ट काळा तुकतुकीत होतो, सांध्यातून पिंपळाची रोपं फुटलेली असतात. पाऊस थांबल्यावरची दहा-पंधरा मिनिटं, दगडावरून पाणी ओघळत असताना, मी फक्त भिंती टिपते.